मरळीसाठी लावलेली बाग

एका जंगलाच्या टोकाला, जिथे आंब्यांची राई संपते आणि ओढा सुरू होतो, तिथे एक दगडी हौद होता आणि त्या हौदात एक खेकडी राहत असे. मोठी हौशी बाई! ओढ्यातून तऱ्हेतऱ्हेच्या पाणवनस्पती नांगीत धरून आणायच्या, हौदाच्या तळाशी गाळात रोवायच्या आणि त्यांच्याकडे बघत बसायचं, हा तिचा छंद. लाल पानांची नाजूक रोपं कोपऱ्यात, बारीक गवत मधोमध. एक काडी वाकडी झाली तरी तिला घास गोड लागत नसे.

यंदा मात्र तिला दुसरीच काळजी होती. तिच्या पोटाखाली, शेपटाच्या घडीत, इवली इवली पिलं चिकटून बसली होती. आठ दिवसांत ती पाण्यात सोडायची होती. ओढा उन्हाने आटत चालला होता, नुसती डबकी उरली होती. पावसाळ्यापर्यंत टिकेल असं पाणी फक्त या हौदात होतं. पिलं वाढवायची तर इथेच, दुसरी सोय नव्हती.

आणि नेमकी अशातच मरळ नावाची मासळी आली. काळीशार, हातभर लांब, जबडा उघडला तर अख्खा बेडूक आत जाईल अशी. ओढ्यातला तिचा डोह आटला, तशी ती चिखलाच्या पाटातून पोटावर सरपटत निघाली आणि धप्पकन हौदात पडली. हो मुलांनो, मरळीला थोडा वेळ पाण्याबाहेर निभावता येतं. ती पाण्यात असली तरी मधून मधून वर येते आणि हवेचा घोट घेते. एवढं लक्षात ठेवा बरं का! खेकडीने ते लक्षात घेतलं नाही, म्हणून तर पुढचा सगळा घोळ झाला.

मरळ आली आणि हौदाची शांतता गेली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत, तिच्या येरझारा काही थांबेनात. प्रत्येक वळणाला शेपटीचा फटकारा, प्रत्येक फटकाऱ्याला गाळाचा लोट. समोर येईल त्यावर ती तोंड टाकी, भूक असो वा नसो. दोन दिवसांत निम्म्या मासोळ्या गायब झाल्या. खेकडीची लाल रोपं मुळांसकट वर तरंगू लागली.

"खेकडीताई, ही बया इथून हलायची नाही हो," पायरीवर बसलेला बेडूक म्हणाला. हे महाशय सगळ्यांना सगळं शिकवत आणि स्वतः पायरी सोडत नसत. "तिला बाग आवडली, की बसेल गप्प. माझं ऐका, आणखी सुंदर झाडं लावा!"

खेकडीला ते पटलं. भर उन्हात ती ओढ्यावर गेली आणि उरल्यासुरल्या डबक्यांतून सगळ्यात देखणी रोपं निवडून आणली. गाळात रांगेने रोवली आणि दुरूनच ओरडली, "मरळबाई, बघा तरी! याला जांभळी फुलं येतात!"

"हं," मरळ म्हणाली आणि वळली. झालं! त्या एका वळणात अख्खी रांग उपटली गेली. खेकडीने पुन्हा लावली, पुन्हा उपटली गेली. चौथ्या दिवशी तिच्या नाकी नऊ आले. इकडे पोटाखाली पिलं वळवळायला लागली होती आणि पाणी अजून गढूळच होतं. तिला रडूच कोसळलं.

पाचव्या दिवशी तिने एकही रोप लावलं नाही. एका दगडाखाली दडून ती सकाळभर मरळीकडे बघत राहिली. आजवर ती आपल्या झाडांकडेच बघत आली होती, मरळीकडे नीट बघितलंच नव्हतं. मरळीच्या पाठीवर चोचीच्या घावाची जुनी खूण होती. आणि हौदाच्या काठावर एक राखी बगळा उभा होता. त्याची सावली पाण्यात हलली, की मरळ दचकून वळे.

"अगं बाई! ही माजलेली नाही, ही घाबरलेली आहे!" खेकडी म्हणाली.

"एवढं मोठं धूड नि घाबरतं?" बेडूक हसला.

"धूड आहे म्हणूनच तर! तुम्ही पायरीच्या फटीत मावता. तिने कुठे लपायचं?"

आणि खेकडी झपाट्याने कामाला लागली. कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी, पाण्यावर तरंगणारी झाडं तिने ओढत आणली आणि एकात एक गुंतवून सगळा हौद झाकून टाकला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बोटभरही फट ठेवली नाही. खाली गार सावली पसरली. मरळ थांबली. खेकडीच्या जिवात जीव आला.

पण तो फार वेळ टिकला नाही. थोड्याच वेळात वरच्या पानांना खालून धडका बसू लागल्या. मरळीला हवेचा घोट हवा होता आणि वर यायला वाटच नव्हती! धडका बसत तिथे पानं उचलली जात, आणि काठावरचा बगळा मान तिरकी करून तेच बघत होता. तो हळूच पावलं टाकत तिथे आला. पानांना भगदाड पडलं, मरळीने तोंड वर काढलं आणि खचकन चोच आली! अगदी थोडक्यात हुकली. मरळ उलटी फिरून तळाशी आदळली, गाळाचं वादळ उठलं, खेकडी उताणी पडली. सावरून तिने पोट चाचपलं, तर चार पिलं सुटून गेली होती. ती पुन्हा कधी दिसली नाहीत.

मग मात्र खेकडीचं भान सुटलं. ती सरळ मरळीच्या तोंडापुढे जाऊन उभी राहिली. दोन्ही नांग्या वर उगारलेल्या होत्या.

"खायचं तर खा मला! पण आधी सांग, तुला हवंय तरी काय?"

मरळीला धाप लागली होती. "हे पहिल्याच दिवशी का नाही विचारलंस? तू तर मला फुलं दाखवत बसलीस. मी मुद्दाम नाही गं उपटत तुझी रोपं. एवढं लांब अंग, वळले की शेपटी लागतेच."

"मग काय करू?"

"गाळात काही लावू नकोस. मला वळायला मोकळी जागा ठेव. वर सावली कर, पण मधोमध, बगळ्याची चोच पोचणार नाही तिथे, श्वासापुरती जागा उघडी ठेव."

"आणि माझी पिलं?"

मरळ म्हणाली, "खोटं कशाला बोलू? समोर आली, तर गिळीन. मरळ आहे मी. माझं तोंड शिरणार नाही अशी जागा कर त्यांच्यासाठी."

हे ऐकून खेकडीला धडकी भरली. पण उत्तर सरळ होतं, आणि सरळ उत्तरावर काम करता येतं. हाताशी दोनच दिवस उरले होते.

तिने मधली झाडं काढून काठाकाठाने सारली आणि हौदात पडलेल्या आंब्याच्या वाळक्या फांदीत अडकवली. फांदी ढकलायला बेडूकदेखील पायरी सोडून आला, कुरकुरत का होईना. ओढ्याच्या कपारीतून दगडांना घट्ट धरून वाढणारं नेचं तिने दगडांसकट लोटत आणलं. त्याची पानं जाड आणि चिवट होती, शेपटीचा फटका बसला तरी नुसती डोलत. पायऱ्यांपाशी उथळ पाण्यात तिने झुपकेदार शेवाळ दाटीवाटीने भरलं आणि वर दगड ठेवून दाबलं. शेवटचं एक लाल रोप कोपऱ्यात कसंबसं तग धरून होतं. ते तिने स्वतःच्या नांगीने उपटलं. तेव्हा तिचा जीव तुटला, खोटं कशाला सांगू!

आठव्या दिवशी सकाळी बगळा काठावर आला. त्याला नुसती पानंच दिसली. दूर, हौदाच्या मधोमध मरळ वर आली, निवांत हवेचा घोट घेतला आणि खाली गेली. बगळ्याने हा पाय उचलला, तो पाय उचलला आणि दुपारी कंटाळून उडून गेला. मरळ नेच्याच्या सावलीत पडून होती, फक्त तिचे पर हलत होते. गाळ खाली बसला होता आणि तळाचा खडा न् खडा दिसत होता.

पायरीपाशी खेकडीने शेपटाची घडी उघडली. एकामागून एक पिलं निघाली आणि शेवाळात शिरली.

"बाकी काही म्हणा ताई," बेडूक म्हणाला, "पहिली बाग जास्त देखणी होती."

"असेल हो," खेकडी पिलांवरची नजर न हलवता म्हणाली. "ती मी माझ्यासाठी लावली होती."

तात्पर्य : दुसऱ्यासाठी काही करायचं, तर आधी त्याचा स्वभाव आणि त्याची भीती समजून घ्यावी, आपली आवड त्याच्या गळ्यात मारू नये.