पुढची जीप

डोंगरवाटांवर जीपा पळवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब खर्डेकर. ताफ्यात त्यांची जुनी डिझेल जीप कायम सगळ्यांच्या पुढे. एकदा घाटाच्या पायथ्याशी हातात पाना नाचवत ते गरजले, "धूर परत इंजिनात सोडणारी ही ईजीआरची झडप मी आज काढून फेकणार! माझं इंजिन स्वतःचंच उष्टं खाणार नाही. आहे कुणाची हरकत?"

मागच्या जीपमधून वत्सला उतरली. "खुशाल काढा. फक्त यापुढे तुमची जीप सगळ्यात मागे."

भाऊसाहेबांना भर चौकात मुस्काटात बसल्यासारखं झालं. अध्यक्ष मागे? "का म्हणून?" त्यांनी विचारलं.

"तुमचं उष्टं तुमच्याच इंजिनाला चालत नाही, मग आम्ही का खायचं?"

ताफा निघाला. पुढे भाऊसाहेबांचीच जीप होती, झडपेसकट.