निळं टोपण

खर्डेकर साहेब तपासणीला आले आणि अंगणवाडीच्या शेवंताबाई धास्तावल्या. शेजारच्या गावच्या सेविकेला त्यांनी परवाच नोटीस काढली होती, आणि इथे तर सगळी खेळणी घरच्या अडगळीतून केलेली!

साहेब बसले त्या खुर्चीसमोरच्या टेबलावर एक पुठ्ठा होता. त्यावर बाटल्यांची कापलेली तोंडं चिकटवून रंगवली होती. ज्या रंगाचं तोंड, त्याच रंगाचं टोपण फिरवून बसवायचं, असा तो खेळ.

"याला शैक्षणिक साहित्य म्हणता?" साहेब कडाडले. "भंगार आहे हे! पाच मिनिटं तरी कुणी रमेल का यात?"

साहेब बोलतच राहिले. बाईंना नजर वर करायचं धाडस होत नव्हतं, म्हणूनच ती साहेबांच्या हातांवर पडली.

"आत्ताच्या आत्ता फेकून द्या!"

"फेकते, साहेब," बाई चाचरत म्हणाल्या. "पण लाल, पिवळं, हिरवं तुम्ही लावलंत. निळं तेवढं राहिलंय. ते लावून होऊ दे."

साहेबांनी खाली पाहिलं. निळं टोपण त्यांच्याच चिमटीत होतं. त्यांनी ते मुकाट्याने बसवलं.

खेळ पुरा करणाऱ्याला टाळ्या, हा तिथला रिवाज. मुलांनी तो पाळला.