शाबासकीची पाठ

किल्ल्याचा नवा बुरूज ढासळला आणि हणमा पाथरवट त्याखाली गाडला गेला. बांधकाम लांबेल म्हणून किल्लेदारांनी ढिगारा उपसू दिला नाही. उलट हणमाच्या आईला, यल्लव्वाला, भर सदरेवर बोलावून ते म्हणाले, "किल्ल्याच्या कामी जीव दिलेल्या तुझ्या लेकाला आमची शाबासकी. आमच्या तोंडून निघालं की ते पुरं होतंच."

यल्लव्वा म्हणाली, "सरकार, शाबासकी नुसती तोंडानं देत नाहीत, पाठीवर हात ठेवून देतात. लेकाची पाठ वर काढा, आणि बोललात ते पुरं करा."

सगळी सदर ऐकत होती. किल्लेदारांना ढिगारा उपसावाच लागला.

हणमा पालथाच सापडला. किल्लेदारांचा हात काही पुढे येईना. शेवटी यल्लव्वाच खाली बसली, तिनं त्याच्या पाठीवरची माती झाडली आणि हात ठेवून म्हणाली, "शाबास, लेकरा."