पुस्तकात नसलेला विधी

ओडिला आठ वर्षांची होती, तेव्हा तिच्या डोळ्यांदेखत तिच्या आईला गावाबाहेर पाठवलं गेलं.

फार फार जुनी गोष्ट ही, युरोपातल्या एका हिरव्यागार दरीतली. तिथल्या लिंडबाख नावाच्या इवल्याशा गावात प्रत्येक गोष्टीचा विधी असे. बाळ जन्मलं की त्याच्या कपाळावर पाणी शिंपडायचं. पेरणीआधी मेणबत्त्या घेऊन शेताभोवती फिरायचं. लग्न लागलं की चर्चच्या दारात पाव वाटायचा. घंटा वाजायची, सगळं गाव जमायचं, आणि मगच ती गोष्ट पक्की झाली असं सगळे मानायचे.

ओडिलाची आई बेर्टा लोकरीचं कापड विणायची. एका हिवाळ्यात तिच्या हातांवर पांढरे चट्टे उठले, बोटं बधिर झाली. महारोग! त्या काळी त्यावर औषध नव्हतं, म्हणून लोकांना त्याची फार भीती वाटे. मग त्याचाही विधी झाला. घंटा संथ संथ वाजली. फादर आन्सेल्म यांनी मोठ्या पुस्तकातून प्रार्थना वाचली, बेर्टाच्या पावलांवर चिमूटभर माती टाकली आणि तिच्या खांद्यावर करडा झगा घातला. "बेर्टा," ते कातर आवाजात म्हणाले, "आजपासून तू पुलापलीकडची."

पुलापलीकडे एक झोपडी होती. तिथे कुनोआजोबा नावाचे म्हातारे मेंढपाळ एकटेच राहत. त्यांनाही हाच आजार होता. त्यांनी आपला गवताचा उबदार बिछाना बेर्टाला दिला आणि स्वतः दाराशी अंथरूण घातलं.

ओडिला पाववाल्या हिल्डाकाकूंकडे राहू लागली. दिवसभर पीठ चाळायची, लाकडं वाहायची. तिला रोज एक पाव मिळायचा. त्याचा एक घास ती खायची आणि उरलेला सकाळी पुलावरच्या दगडावर नेऊन ठेवायची. लांबून आई हात हलवायची. ओडिलाही हात हलवायची, हात दुखेपर्यंत.

वसंत ऋतू आला. एका पहाटे ओडिला लाकडं आणायला रानात गेली. झाडाझुडपांवर दहिवर गोठून चमचमत होतं. एका पिवळ्या फुलाच्या पाकळीवर तिला काहीतरी लुकलुकताना दिसलं. वाकून पाहते तर काय, अंगठ्याएवढी परी! गुलाबी झगा, चांदीचे चिमुकले बूट, आणि निळेजांभळे पंख गारठून कडक झालेले.

"अगं बाई, किती गारठलीस गं!" ओडिलाने तिला अलगद ओंजळीत घेतलं आणि हळूहळू उबदार श्वास सोडला. एकदा, दोनदा, दहादा. पंखांवरचं बर्फ विरघळलं, थेंब मोत्यांसारखे टपटपले, आणि परी फुर्रकन उडाली.

"माझं नाव नीलपर्णा," ती किणकिणत्या आवाजात म्हणाली. "तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करीन. पण नियम ऐक. एका इच्छेत एकाच माणसासाठी मागायचं. शरीर आणि वस्तू मी बदलू शकते, कुणाचं मन मात्र बदलू शकत नाही. आणि दुपारच्या घंटेआधी मागायला हवं."

ओडिलाला विचारच करावा लागला नाही. "परीताई, माझ्या आईला बरं कर!"

"झालं," परी म्हणाली. तिच्या पंखांतून सोनेरी कण उडाले आणि पुलाच्या दिशेने गेले. "आता दुसरी?"

ओडिलाने खाली पाहिलं. फाटक्या बुटांतून तिची बोटं डोकावत होती. नवे बूट मागावेत? की आईसाठी लाल कौलांचं एक छोटंसं घर? तिला तर ते घर डोळ्यांपुढे दिसूही लागलं. खिडकीत फुलं, चुलीवर सूप. मग तिला दाराशी झोपणारे कुनोआजोबा आठवले. आई बरी होऊन निघून गेली, तर ते पुन्हा एकटेच उरतील.

तिने बुटांवरून नजर उचलली. "कुनोआजोबांना बरं कर."

परी तिच्या गालापाशी उडत आली. "झालं, बाळा," ती म्हणाली आणि पानांआड दिसेनाशी झाली.

ओडिला धावत सुटली. पुलापलीकडे आई आपले गुळगुळीत, गोरे हात उन्हात धरून उभी होती. शेजारी कुनोआजोबा लहान मुलासारखे रडत होते. पण ते सोनेरी कण पाहून पुलाच्या अलीकडे सगळं गाव गोळा झालं होतं, आणि कुणीच वाट सोडेना.

"चट्टे गेले खरे," हिल्डाकाकू म्हणाल्या, "पण बाई, मला भीती वाटते. घंटा वाजवून बाहेर पाठवलंय त्यांना. अशा कशा परत येतील?"

फादर आन्सेल्म यांनी घाईघाईने मोठं पुस्तक उघडलं. पानं उलटली, पुन्हा उलटली. त्यांचा चेहरा उतरला.

"पाठवायचा विधी आहे," ते हळूच म्हणाले. "परत घ्यायचा नाहीच."

तेवढ्यात ओडिला पुढे आली.

"नाहीये तर आपण करूया ना, फादर! तुम्ही आईच्या पावलांवर माती टाकली होती. ती धुऊन टाकू. झगा घातला होता, तो काढू. घंटा संथ वाजली होती, आता जोरात वाजवू. आणि मग सगळे मिळून एकच पाव खाऊ."

एवढं बोलून ती पुलावरून चालत गेली आणि तिने आईला घट्ट मिठी मारली.

फादरनी पुस्तक मिटलं. नदीतून घागर भरून आणली, पुलाच्या मधोमध गुडघे टेकले आणि आधी बेर्टाचे, मग कुनोआजोबांचे पाय धुतले. ओडिलाने दोघांचे करडे झगे उतरवले. घंटा घणघण वाजू लागली. हिल्डाकाकू घरी पळाल्या आणि भट्टीतला सर्वांत मोठा, वाफाळता पाव घेऊन आल्या. तो त्यांनी बेर्टाच्या हातात दिला.

"तू तोड," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पहिला तुकडा मला दे."

मग एकेक जण पुढे आला. कुणी आजोबांचा हात धरला, तर कुणी आपली शाल बेर्टाला पांघरली.

तेवढ्यात पुलावर नीलपर्णा अवतरली. आता ती ओडिलाएवढी उंच झाली होती.

"मन बदलणं मला जमत नाही," ती हसून म्हणाली. "ते तू केलंस. आता हे माझ्याकडून, न मागता." तिने पंख पसरले. नदीकाठी, अगदी गावाच्या हद्दीत, लाल कौलांचं घर उभं राहिलं, तीन खोल्यांचं. एक खोली कुनोआजोबांची होती. मग परीच्या पंखांतून निळा, गुलाबी, सोनेरी प्रकाश झळाळला. सगळ्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा परी नव्हती.

त्या दुपारी फादर आन्सेल्म पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहायला बसले. ओडिला शेजारी बसून एकेक गोष्ट सांगत होती. आधी पाणी, मग झगा, मग घंटा, मग पाव.

ओडिला तिच्या घरी सुखी राहो, आणि दूर गेलेलं आपलं माणूस ज्याच्या त्याच्या घरी परत येवो.