ज्याचे दार उघडे होते

फार पूर्वी चंपानगरीत विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका गृहस्थाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव भद्रघोष. तक्षशिलेला जाऊन तो न्यायशास्त्र शिकला आणि परत येऊन न्यायसभेत लोकांची बाजू मांडू लागला. आज आपण ज्याला वकील म्हणतो, तोच हा धंदा. नगरीत वकील इतरही होते; पण कोणी फक्त जमिनीचे दावे घेई, कोणी फक्त व्यापाऱ्यांचे, आणि अशिलाच्या अंगावरचे वस्त्र पाहून त्याला पाट द्यायचा की उभे ठेवायचे ते ठरे. भद्रघोषाला कसलाच तंटा वर्ज्य नव्हता. शेताचा बांध, नवरा-बायकोची काडीमोड, हरवलेली गाय, चोरीचा आळ, जे दारी येईल ते तो घेई. लोक थट्टेने म्हणत, उद्या दोन कावळे भांडत आले तरी हा त्यांनाही ओसरीवर बसवून आधी पाणी विचारील.

त्या नगरीत एक रीत होती. ज्याला देहदंड होण्याचा संभव असे, त्याला निकालाच्या आदल्या दिवशी शिपाई दोरीने बांधून गावातून फिरवीत. तो ज्या उंबऱ्याला हात लावील, त्या घरधन्याने त्याला पाणी दिले तर दुसऱ्या दिवशी त्याची बाजू त्याच घरधन्याने मांडायची. कोणीच पाणी दिले नाही, तर तो मुकाट सुळावर जाई.

एकदा रोहक नावाचा सारथी असा फिरत होता. तो सिंधुदेशाहून घोडे घेऊन आलेला आणि सेनापतीचा मेहुणा कर्दम याच्या पदरी राहिलेला. चंपेत त्याचे कोणी नव्हते. वसंतोत्सवाच्या गर्दीत त्याच्या रथाने एका लहान मुलाचा जीव गेला होता. रथात बसलेल्या कर्दमाने सांगितले, मी थांब थांब म्हणत असताना याने रागाच्या भरात घोडे मुलाच्या अंगावर घातले. धुळीत कोणाला काही दिसले नव्हते, म्हणून सगळ्यांनी तेच खरे धरले. मोठ्या माणसाचे खोटे पटकन पटते, ही तर जुनीच गोष्ट. रोहक येताना दिसला की दारे धडाधड लागत होती.

एका गल्लीच्या टोकाला मात्र एक दार सताड उघडे होते. चंपेत ज्या घरी कोणी वारले असेल, त्या घराचे दार सुतक फिटेपर्यंत लावीत नसत. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होते. सिंधुदेशात अशी चाल नव्हती. रोहकाला वाटले, देव पावला. त्याने धावत जाऊन उंबऱ्याला हात लावला. मागे दोरी धरून आलेले शिपाई जागच्या जागी थिजले. घर कोणाचे आहे ते त्यांना माहीत होते. त्यांतला एक त्याला मागे ओढणार, तोच घरधनी बाहेर आला.

घरधन्याने रोहकाकडे पाहिले, दोरीकडे पाहिले. मग आत जाऊन त्याने पाण्याचा गडू आणला. गडू पुढे करताना निम्मे पाणी उंबऱ्यावरच सांडले. माणूस आजारी असावा, असे रोहकाला वाटले. आत कोणी बाई हुंदके देत होती, त्याकडेही त्याने लक्ष दिले नाही. ज्याच्या गळ्याशी आले आहे त्याला दुसऱ्याचे रडणे कुठले ऐकू येते?

"आता सांग," घरधनी म्हणाला. "पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

रोहकाने सगळे सांगितले. डावे चाक धरून ठेवणारी कण्याची खीळ तडकली होती, ती त्याने सकाळीच कर्दमाला दाखवली होती; पण मिरवणुकीत पुढे जायची घाई, म्हणून कर्दमाने रथ तसाच काढायला लावला. वळणावर डावे चाक निखळले, एकटेच घरंगळत गेले आणि फुलवाल्याच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या मुलाच्या अंगावर कोसळले. कर्दमाने नंतर नवी खीळ घालून रथ घरी नेला. घरधनी मध्ये मध्ये नेमके लागेल तेवढेच विचारी. शेवटी त्याने विचारले, "पोर काही बोलले का?"

उद्या आपली बाजू मांडणाऱ्याने असे का विचारावे, हे रोहकाला कळले नाही. तो म्हणाला, "पाणी मागितलं त्याने. घोड्यांच्या पखालीतलं पाणी होतं, तेच मी पागोट्याच्या टोकाने त्याच्या ओठांना लावलं."

घरधनी उठून आत गेला. परत आला तेव्हा त्याचे तोंड ओले होते. "उद्या मी तुझ्या बाजूला उभा असेन," एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. न्यायाधीशाने आधी मृत मुलाच्या बापाला पुढे बोलावले, कारण दंड मागण्याचा पहिला हक्क त्याचा. रोहकाने मान खाली घातली. त्या बापाच्या नजरेला नजर देण्याची त्याची छाती नव्हती. तेवढ्यात त्याच्या शेजारची पावले हलली आणि पुढे गेली.

"मी नंदकाचा बाप," भद्रघोष म्हणाला.

रोहक मटकन खाली बसला. ते सांडलेले पाणी, ते हुंदके, ते शेवटचे विचारणे, सगळे त्याला एकदम आठवले. बापालाच आपण त्याच्या लेकराचे मरण सांगत बसलो होतो. आपण होऊन सुरीखाली मान दिली, आता संपले, असे त्याला वाटले.

न्यायाधीश स्वतः गडबडला. "भद्रघोषा, तू बाप म्हणून आलास की वकील म्हणून? दोन्ही डगरींवर हात ठेवता यायचा नाही."

"मग मला साक्षीदार समजा," भद्रघोष म्हणाला. "लेकराला मी माझ्या हातांनी शेवटची आंघोळ घातली. त्याच्या अंगावर टापेची एकही खूण नव्हती. छातीवर चाकाच्या लोखंडी धावेचा एकच पट्टा होता. घोडे अंगावर घातले असते तर आधी टापा पडल्या असत्या. हा सारथी म्हणतो तसे चाक एकटेच आले. ते अंग आता जळून गेले आहे. मी गप्प राहिलो असतो, तर हे कोणालाही कळले नसते."

पुत्रशोकाने याला भ्रम झाला आहे, असे कर्दम म्हणाला. पण पोटचे पोर ज्याच्या रथाने गेले, त्याच्यासाठी कोणता बाप खोटे बोलेल? न्यायाधीशाने रथ आणवला. उजवी खीळ जुनी, गंजलेली होती, डावी नवीकोरी. कर्दम पांढराफटक पडला. भद्रघोषाने त्याच्यासाठीही सूळ मागितला नाही. राजाने कर्दमाला नगरीबाहेर घालवले आणि रोहकाची दोरी तिथेच कापली.

रोहक भद्रघोषाच्या पायांवर कोसळला. काल मला का नाही सांगितलंत, असे त्याने रडत विचारले.

"सांगितले असते, तर भीतीने तू निम्मेच बोलला असतास," भद्रघोष म्हणाला. "वकिलाला पुरे ऐकावे लागते. आणि बापालाही पुरे ऐकायचे होते."

शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, ही कथा विहारात सांगितली, तेव्हा उपसोम नावाचा भिक्खू समोर बसला होता. त्या दिवसांत चंदन नावाच्या भिक्खूवर चोरीचा आळ आला होता. चोरी झाली त्या वेळी चंदन दुसरीकडेच होता, हे एकट्या उपसोमाने पाहिले होते. पण चंदनाने कधीतरी चारचौघांत त्याला मूर्ख म्हटले होते, म्हणून तो तोंडाला कुलूप लावून बसला होता.

शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, कर्दम अजून जन्मांच्या फेऱ्यात कुठेतरी भटकतो आहे. त्या वेळचा भद्रघोष मी. सारथी रोहक म्हणजे, उपसोमा, तू."

उपसोमाने दचकून वर पाहिले.

"आणि तुझ्या चाकाखाली गेलेला, ज्याच्या ओठांना तू पाणी लावलेस, तो नंदक म्हणजे हा चंदन."

उपसोम उठला आणि सगळ्यांसमोर त्याने पाहिले होते ते सांगितले. जे एकट्यालाच ठाऊक आहे, जे झाकले तर कोणी विचारणार नाही, ते ज्याच्यावर राग धरावा त्याच्यासाठी उघड बोलणे, यालाच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पराकाष्ठा, म्हणतात.