ग्लेनहार्डीचे प्रेक्षक

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या ग्लेनहार्डी गावात फुटबॉलच्या सामन्याला माणसांपेक्षा समुद्रपक्षीच जास्त जमायचे. एकदा चषकाच्या सामन्यासाठी शहरातला बलाढ्य क्लब तिथे आला. त्याचे मालक सर डंकन गावच्या क्लबच्या अध्यक्ष इशबेलबाईंशेजारी बसले. गावचं मैदानही सरांच्याच मालकीचं होतं, आणि तिथे हॉटेल बांधायचं त्यांच्या मनात होतं.

"माझे चाहते पाहा, बसगाड्या भरभरून आलेत! तुमच्या क्लबवर जीव टाकणारं इथे आहे कोण?" सर म्हणाले.

बाईंनी गळ्यातला क्लबचा मफलर नीट केला.

सामना सुरू होताच सरांच्या संघाने गोलांचा सपाटा लावला. वरून पाऊस कोसळू लागला. पाहुणे चाहते एकेक करून बसमध्ये जाऊन बसले. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा त्यांची बाजू रिकामी होती. गावकरी मात्र भिजत, बेसूर गात उभेच होते.

सर ओशाळून म्हणाले, "निकाल केव्हाच लागला होता. माझी माणसं उगाच कशाला थांबतील?"

"आमचा निकाल तर तुमच्या गाड्या गावात शिरल्या तेव्हाच लागला होता, साहेब," इशबेलबाई म्हणाल्या. "तरी आम्ही आलोच ना?"

सरांना हसू आवरेना. हॉटेल अखेर शेजारच्या गावात झालं.