गुणाजीने पक्कं केलेलं गाव

एका गावात एक भोळा माणूस होता. त्याचं नाव गुणाजी. तो घायपाताचे दोर वळायचा. दोर वळताना पीळ घालायचा, पण सांगितलेलं मात्र सरळच धरायचा. बायको अंजिरा म्हणाली, “जरा दुधावर लक्ष ठेवा,” तर तो चुलीपुढे बसून लक्ष ठेवायचा. दूध उतू जाऊन चूल विझली की सांगायचा, “गेलं. मी बघितलं.”

ते राहायचे ते घर भाड्याचं होतं आणि दाराची कडी तुटकी होती. आधी कोंबड्या गेल्या. मग तांब्या गेला. शेवटी चोराने ती तुटकी कडीसुद्धा नेली. त्यात घरमालकाने निरोप धाडला, “मुलाचं लग्न धरलंय. होळीच्या आत घर मोकळं करा.”

अंजिराला तेव्हा पाचवा महिना होता.

ती म्हणाली, “अहो, बाळ यायच्या आत दुसरं गाव बघायला हवं. जिथे चोर नाही आणि भाडं आपल्याला झेपेल, असं. मीच गेले असते, पण माझे पाय सुजलेत. जायचं तुम्हालाच आहे.”

एवढं बोलून तिने बिनकडीच्या दाराला पाटा टेकवला.

मग म्हणाली, “गावात गेलात की दारं बघा. जिथे लोक दाराला कुलूप लावत नाहीत, ते गाव चांगलं.”

गुणाजीने मान डोलावली. त्याला पटलं.

तो पहिल्या गावात पोचला तेव्हा भर दुपार होती. घरांची दारं लोटलेली होती. कुलूप एकालाही नव्हतं. पण आतून कडी असली तर? त्याने एक दार ढकललं. ते उघडलं. त्याला बरं वाटलं. त्याने दुसरं ढकललं. तेही उघडलं. तिसऱ्या घरात एक म्हातारी ताक घुसळत बसली होती.

“कोण रे तू? काय पाहिजे?”

“काही नको, आजी. दार उघडतं का बघतोय.”

“आणि उघडलं तर?”

“उघडलं तर आम्हाला फारच बरं.”

म्हातारीने रवी उचलली आणि हाक मारली. गावात हाकेला धावून जायची पद्धत होती. सगळे धावून आले.

संध्याकाळी गुणाजी लंगडत घरी आला.

“कसं आहे गाव?” अंजिराने विचारलं.

“गाव फार चांगलं. चोर तिथे टिकायचाच नाही. दारात पाऊल टाकलं की धरतात.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मलाच धरलं.”

अंजिराने कपाळाला हात लावला. त्याच्या गुडघ्याला हळद लावली. मग म्हणाली, “अहो, लोकांच्या दाराला असा हात लावतात का? बाहेर उभं राहावं. रामराम करावा. जे काय विचारायचं ते गोड बोलून विचारावं.”

गुणाजीने मान डोलावली. त्याला पटलं.

दुसऱ्या गावात त्याने एकाही दाराला हात लावला नाही. एका सोनाराच्या अंगणाबाहेर तो उभा राहिला आणि दोन्ही हात जोडले.

“रामराम, शेठ.”

“रामराम.”

“रात्री घरात माणसं किती असतात?”

“का हो?”

“सहज. झोप गाढ लागते का?”

सोनाराने पुढ्यातली पेटी मागे सरकवली. गुणाजीने आणखी गोड आवाज काढला.

“आणि कुत्रं नुसतं भुंकतं, की चावतंही?”

सोनाराने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि मागच्या दाराने पोलीस पाटलाला बोलावलं. पोलीस पाटलाने त्याला चावडीतल्या खोलीत घातलं. रात्रभर ठेवलं. सकाळी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि सोडून दिलं.

“हे गाव पहिल्याहून चांगलं,” घरी येऊन गुणाजी म्हणाला. “राहायला पक्की खोली मिळते. भाडं मागत नाहीत. वर पिठलं-भाकरी. आणि चोर यायला नको म्हणून दारात रात्रभर काठीवाला माणूस उभा.”

अंजिराचा चेहरा उजळला. “मग अडलं कुठे?”

“सकाळी हाकलून दिलं.”

अंजिराने कपाळाला हात लावला. “आता कुणाला काही विचारूच नका,” ती म्हणाली. “तोंड मिटून एका बाजूला बसा. माणसं हसतात का रडतात, तेवढं बघा. जिथे माणसं रडतात तिथे काहीतरी वाईट असतं.”

गुणाजीने मान डोलावली. त्याला पटलं.

तिसऱ्या गावात तो देवळाच्या पायरीवर तोंड मिटून बसला. कुणी पाणी विचारलं तरी त्याने तोंड उघडलं नाही. थोड्या वेळाने त्याने जे बघितलं, त्यानंतर तो जो पळत सुटला तो थेट घरी येऊन थांबला.

“काय झालं?” अंजिराने विचारलं.

“त्या गावाचं नाव काढू नकोस. भरदिवसा पोरगी पळवली.”

“काय सांगता?”

“परगावची माणसं आली. चांगली शंभरेक. चोरी चोरून करावी, तर ते बँड वाजवत आले. पोरीला जीपमध्ये घातलं. पोरगी रडतेय, आई रडतेय, बाप खांबाला धरून रडतोय. पण कुणी अडवेल तर शपथ.”

“आणि पोलीस पाटील?”

“तो त्याच लोकांना जिलबी वाढत होता.”

अंजिराने कपाळाला दोन्ही हात लावले. “अहो, ते लग्न होतं. मांडव असतो, बँड असतो, जेवणावळ असते. मुंडावळ्या बांधलेला नवरा येतो आणि मुलगी घेऊन जातो. तुम्हीच नाही का मला घेऊन आलात?”

गुणाजीने एकदा दाराबाहेर डोकावून बघितलं. मग हळूच म्हणाला, “तुझ्या आईने तक्रार नाही केली?”

“आता करते म्हणते,” अंजिरा म्हणाली. “नीट ऐका. होळी जवळ आली. जिथे मांडव, वाजंत्री आणि जेवण, तिथली माणसं सुखी असतात. असं गाव दिसलं तर सोडू नका. जागा पक्की करूनच या.”

गुणाजीने मान डोलावली. त्याला पटलं.

या वेळी तो लांब गेला. दोन डोंगर ओलांडून एका माळावर आला आणि जागीच थांबला. असं गाव त्याने जन्मात बघितलं नव्हतं. मांडव एक नाही, शेकड्याने. वाजंत्री चारी दिशांनी. कुणीही यावं आणि एका मोठ्या कढईतून पोटभर खीर खावी. रस्त्यारस्त्यावर पोलीस.

अंजिराने सांगितलेलं त्याने एकेक करून तपासलं. कुलूप एकालाही नव्हतं. कुलूप कशाला, दारंच नव्हती. नुसते कापडाचे पडदे. हा तर त्याला विश्वासाचा कळस वाटला. मग रडणारं कुणी आहे का ते त्याने बघितलं. एक लेकरू रडत होतं, फुगा फुटला म्हणून. त्याच्या मामाने दुसरा फुगा घेतला, तेव्हा त्याचंही रडणं थांबलं.

एक रेवडीवाला आपलं बाड आवरत होता. गुणाजीने त्याला विचारलं, “ही जागा मिळेल का राहायला?”

“घ्या की,” रेवडीवाला म्हणाला. “मी निघालोच.”

“भाडं?”

“कसलं भाडं? लवंडा खुशाल.”

गुणाजीने खांद्यावरचा दोर काढला. चार खुंट्या ठोकल्या, त्यांच्याभोवती दोर बांधला आणि जागा पक्की केली.

अंजिराने घरी त्याला खोदून खोदून विचारलं. तीही आता शहाणी झाली होती.

“कुलपं?”

“एकही नाही.”

“पोलीस?”

“मोजता येत नाहीत.”

“भाडं?”

“नाही म्हणाले.”

“बाजार लांब आहे का?”

“दारातच. नुसत्या बांगड्यांचीच वीस दुकानं आहेत.”

अंजिराने आपल्या हातातल्या दोन बांगड्यांकडे बघितलं. “नाव काय गावाचं?”

“भैरोबाचा माळ.”

तिने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. पण गाव लांबचं होतं आणि होळी जवळची. तिने घर झाडून सारवून मालकाच्या हवाली केलं. भाड्याच्या बैलगाडीत चूल, भांडी, गोधड्या आणि दोरांची भेंडोळी भरली. खाली गवत घालून ती वर बसली.

गाडी माळावर पोचली. माळावर देवीचं एक देऊळ होतं, एक चिंच होती, एक धर्मशाळा होती आणि वारा होता. बाकी काही नव्हतं. गाडीवाल्याने सामान उतरवलं. इकडे तिकडे बघितलं आणि गाडी वळवली.

गुणाजी मात्र पळत पुढे गेला. गवतात त्याच्या चार खुंट्या होत्या. भोवती दोर होता.

“अगं, ये लवकर,” त्याने हाक मारली. “सगळं गाव गेलं, पण आपला दोर कुणी नेला नाही. इतकी प्रामाणिक माणसं.”

अंजिरा चार खुंट्यांच्या मधोमध जाऊन बसली. तिने पोटावर हात ठेवला. ती रडणार होती, पण दोराला दिलेली गाठ इतकी नीट आणि पक्की होती, की तिला आधी हसू आलं. मग दोन्ही एकदमच आलं.

देवळाचा गुरव धावत आला. मागून त्याची बायको जानकाबाई पाणी घेऊन आली.

“बाई, जत्रा उठली,” गुरव म्हणाला. “आता बारा महिन्यांनी.”

“मी वाट बघायला तयार आहे,” गुणाजी म्हणाला.

जानकाबाईने अंजिराचे पाय बघितले आणि नवऱ्याला म्हणाली, “धर्मशाळेची खोली उघडा. ही आता कुठे जाणार?” जानकाबाई सुईण होती. भाड्याचं विचारलं तर गुरव म्हणाला, “विहिरीला दोर लागतो, घंटेला लागतो. तेवढा वळून द्या म्हणजे झालं.” चोराचं विचारलं तर तो म्हणाला, “इथे न्यायला आहे काय?”

अशा रीतीने चोर नाही आणि भाडं नाही असं गाव अंजिराला मिळालं. गावही नव्हतं, एवढंच.

पण तिने नवऱ्याला बजावलं, “इथून पुढे कुणाशीही काही ठरवायचं असलं, तर आधी त्यालाच विचारायचं, ‘तुम्ही इथे कायमचे राहणार, की दोन दिवसांत उठून जाणार?’”

गुणाजीने मान डोलावली. त्याला पटलं. तेव्हापासून तो सगळ्यांना विचारू लागला. पोस्टमनला विचारलं. कल्हईवाल्याला विचारलं. वैशाखात मुलगी झाली, तेव्हा तिच्या कानाशी वाकून तिलाही विचारलं. तिने त्याचं बोट धरलं. ते उत्तर त्याला पुरेसं वाटलं. तिचं नाव त्याने ठेवलं मुक्कामी. अंजिराने बदलून मुक्ता केलं.

मुक्ता बसायला लागली. रांगायला लागली. पुन्हा माघ आला.

एका सकाळी अंजिरा जानकाबाईबरोबर ओढ्यावर धुण्याला निघाली. जाताना म्हणाली, “पोरीकडे लक्ष ठेवा. नुसतं बघत बसू नका. आणि काही झालं तरी कुणाच्या हातात देऊ नका.”

गुणाजी पोरीला घेऊन चिंचेखाली बसला. इतक्यात डोंगरापलीकडून बँड ऐकू आला.

तो उभा राहिला. वाटेने माणसं येत होती, चांगली हजारेक. कुणी मांडवाचे बांबू आणत होतं, कुणी जेवणाच्या कढया. मधोमध एक पालखी होती. पालखीत चांदीचा मुखवटा होता आणि त्याला मुंडावळ्या बांधलेल्या होत्या.

गुणाजीने दोर काढला. एक टोक चिंचेला बांधलं, एक देवळापुढच्या दीपमाळेला. वाट अडवून, मुक्ताला छातीशी धरून तो मध्ये उभा राहिला. बँड थांबला.

“बाजूला हो बाबा,” पालखीपुढचा मानकरी म्हणाला. “नवरदेव आहे.”

“ते दिसतंय. लग्न कुणाचं?”

“भैरोबाचं.”

“आणि मुलगी?”

“मुलगी इथलीच. या माळावरचीच.”

माळावर मुलगी एकच होती. गुणाजीने तिला घट्ट धरलं. पण अंजिराने शिकवलेलं तो विसरला नव्हता. तोंड न सोडता, गोड बोलून त्याने विचारलं, “नवऱ्याचं वय काय?”

“देवाला कसलं वय? युगानुयुगं आहे तो.”

“लग्नानंतर इथेच राहणार ना?”

“नाही, दोन दिवस. परवा आपल्या गावी परत.”

बँडवाल्यांपासून खीरवाल्यांपर्यंत सगळे माना उंच करून बघत होते. गुरव देवळातून हात हलवत पळत येत होता. गलका ऐकून अंजिराही ओढ्यावरून धावत आली. तिचे दोन्ही हात ओल्या धुण्यात अडकले होते. कपाळाला लावायला एकही मोकळा नव्हता.

“अहो, काय केलंत?”

“काळजी करू नकोस,” गुणाजी म्हणाला. “मी नीट चौकशी केली. घरचं बरं दिसतंय, अंगावर चांदी आहे, माणसंही पुष्कळ आणलीत. पण वयात फार अंतर पडतं. आणि दोन दिवसांत उठून जाणारा आहे. मी नाही म्हणून सांगितलं.”